औषध आहे, मग अडतंय कुठं?

(दादर येथे झालेल्या युवा मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला 'तरुण आणि आरोग्य' असा मोकळा विषय दिला होता. त्यातला मी एक असा भाग निवडलाय, ज्यावर आपल्या बैठकांमध्ये सहसा कुणी बोलत नाही. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची एक गोळी असते. तिला प्रेप म्हणतात. ज्या तरुणांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाही. हे तरुण म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलं. त्यातली काही मुस्लिम आहेत. ती आपल्याच मोहल्ल्यात राहतात, आपल्यासोबत क्रिकेट खेळतात, आणि कदाचित आज या सभागृहातही बसली असतील. अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक म्हणा हवं तर.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी व्यवस्था कागदावर उत्तम चालते, पण प्रत्यक्षात माणूस मध्येच का गळतो, हे शोधणं माझं रोजचं काम. आजचा विषय मी त्याच नजरेनं मांडणार आहे.

इथं येण्याआधी दोघा-तिघांनी मला विचारलं, "तू यावर का बोलतोयस? तुझा काय संबंध?" मी उत्तर दिलं नाही, आजही देणार नाही. कारण हाच प्रश्न दवाखान्यात आणि केमिस्टच्या काउंटरवर विचारला जातो, आणि त्या प्रश्नापाशीच कित्येक जण मागे फिरतात. औषधाचं काम माणसाला वाचवणं आहे. तो कोण आहे याचा खुलासा मागणं हे त्याचं काम नाही.

आधी औषध समजून घेऊ

हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस टोचून घ्यावी लागते. आपल्या घरातले मोठे लोक ती घेऊन गेलेत. त्यांना कुणी विचारलं का, "तुम्हाला मेंदूज्वर झालाय का?" नाही. तिथं लाखोंची गर्दी असते, गर्दीत धोका असतो, म्हणून आधीच संरक्षण. प्रेपचा विचार नेमका हाच आहे.

यात दोन औषधं एका गोळीत असतात, टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबाइन. एचआयव्ही शरीरात शिरला की आपल्या पेशीत स्वतःच्या प्रती काढायला लागतो. ही औषधं त्या प्रती काढण्याच्या कामात अडथळा घालतात. विषाणूला पाय रोवताच येत नाही.

२०१० साली या गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा देशांतले २,४९९ लोक त्यात होते. गोळी मिळालेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे जे गोळी नियमित घेत होते, त्यांच्यात धोका ९२ टक्क्यांनी कमी होता. २०१२ मध्ये अमेरिकेनं या वापराला मान्यता दिली, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जास्त धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. आज सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली तर लैंगिक संबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते, असं मानलं जातं.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. प्रेप मित्राच्या डबीतून उसनी घ्यायची गोष्ट नाही. सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी, मूत्रपिंडाची तपासणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी लागते. नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी. ही गोळी सिफिलिस किंवा गोनोरिया रोखत नाही, म्हणून कंडोमची गरज राहतेच.

आणि समजा, आधी काहीच घेतलं नव्हतं आणि धोका घडून गेला, तर? त्यालाही उपाय आहे. त्याला पेप म्हणतात. ७२ तासांच्या आत सुरू करायचा, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यायचा. हे परळच्या माणसाला समजावायला सोपं आहे. दर पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबतं. महापालिका सांगते, तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टो टाळण्यासाठी ७२ तासांत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळ्या घ्या. डॉक्टर विचारतात, पायाला जखम होती का? किती वेळ पाण्यात होता? "पाण्यात उतरलातच कशाला?" असं ते विचारत नाहीत. आणि त्या गोळ्या मिळतात म्हणून कुणी हिंदमाताला पोहायला जात नाही. प्रेप दिली तर मुलं मोकाट सुटतील, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

परळ आणि मदनपुरा: प्लेगच्या काळातले दोन धडे

निरोगी माणसाला आधीच औषध देण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी इथंच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं त्यांची प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो.

त्या काळात लोक लशीला घाबरत होते. तेव्हा जेमतेम विशीतले असलेले आगा खान तिसरे पुढं आले. त्यांनी लोकांसमोर स्वतःच्या दंडावर लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली जागा दिली. हजारो खोजा मुस्लिमांनी लस घेतली.

त्याच शहरात, मार्च १८९८ मध्ये, मदनपुऱ्यात दुसरी गोष्ट घडली. प्लेगचे रुग्ण शोधणारं सरकारी पथक जुलाहा विणकरांच्या वस्तीत शिरलं आणि एका आजारी मुलीला नेऊ लागलं. लोक चिडले, दंगल झाली, माणसं मेली.

खोजा शहाणे आणि जुलाहे अडाणी, असा निष्कर्ष यातून काढायचा का? मी काढणार नाही. एका ठिकाणी आपल्यातलाच माणूस हात पुढं करून म्हणाला, "आधी मला टोचा." दुसरीकडं पोलीस आणि सैनिक घेऊन परकी माणसं दारात आली. शहर तेच आणि आजार तोच. फरक होता विश्वासाचा. आजार लपवला जातो तो बहुतेक वेळा बेइज्जतीच्या भीतीनं.

एचआयव्हीच्या बाबतीतही सुरुवातीला आपण दुसरा रस्ता धरला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, तेव्हा पोलिसांनी त्याला उचललं आणि एका जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकट्याला डांबलं. कायद्यानं ते चालत होतं. त्यानंतर स्वतःहून चाचणीला कोण जाईल?

अमेरिकेतला आकडा आणि त्यामागचं कारण

आता थोडं बाहेर जाऊ. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, सीडीसीनं, एक अंदाज मांडला. तेव्हाचीच गती राहिली, तर गोऱ्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांपैकी ११ मागे एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल. लॅटिनो पुरुषांत हे प्रमाण ४ मागे एक. काळ्या पुरुषांत २ मागे एक.

हे ऐकून कुणालाही वाटेल की काळी मुलं जास्त बेफिकीर असतील. ग्रेगोरिओ मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये याचं उत्तर दिलं. काळे समलिंगी पुरुष इतरांपेक्षा जास्त धोका पत्करतात, असं आढळलं नाही. फरक होता तो उत्पन्नात, आरोग्यविम्यात, वेळेवर निदान आणि उपचार मिळण्यात. ज्या समूहात अनेकांना आपली लागण झाल्याचं माहीतच नाही, त्या समूहातल्या माणसाला तेवढ्याच वागण्यातून जास्त धोका होतो. समूह लहान आणि बंदिस्त असेल, तर आणखी जास्त.

मग प्रेप कुणाला मिळाली? सीडीसीनं २०१८ मध्ये सांगितलं, प्रेपचा फायदा होईल असे सुमारे ५ लाख काळे अमेरिकन होते. वर्षभरात औषधाच्या दुकानांतून त्यांच्यासाठी भरली गेलेली प्रिस्क्रिप्शन फक्त ७,०००. गोऱ्यांमध्ये ३ लाखांमागे ४२,०००. ज्याला जास्त गरज, त्याला कमी औषध.

आपण मुस्लिम म्हणून हा तर्क ओळखायला हवा. आपल्या वस्तीत क्षयरोग जास्त असेल तर "यांच्या सवयीच तशा" असं कुणी म्हटलं की आपल्याला राग येतो. खोल्यांचा आकार बघा, हवा बघा, दवाखान्याचं अंतर बघा, असं आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. तोच न्याय आपल्यातल्या समलिंगी मुलाला लावायला नको का?

आपल्याकडं माणूस कुठं गळतो

भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते ३.२६ टक्के आणि हिजडा व ट्रान्सजेंडर व्यक्तींमध्ये ३.७८ टक्के आढळलं. म्हणजे सोळा-अठरा पट. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहे.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. वय बावीस. रत्नागिरीकडून आलेला, गावच्या जमातीच्या खोलीत आठ जणांसोबत राहणारा. प्रेपपर्यंत पोहोचायला त्याला किती पायऱ्या चढाव्या लागतात?

पहिली पायरी, अशी गोळी असते हे कळणं. माहिती बहुतेक इंग्रजीत. दुसरी, ही आपल्यासाठी आहे हे स्वतःशी कबूल करणं. तिसरी, जायचं कुठं? हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या शहरात समलिंगी पुरुषांसाठी काम करतोय, त्याच्या संस्थापकांत सुहैल अब्बासी होते. पण ते काम सांताक्रूझला, आणि हा मुलगा डोंगरीत. जेजे जवळ आहे, पण तिथल्या रांगेत गावचा कुणी भेटला तर? चौथी पायरी, डॉक्टरांचा प्रश्न. पाचवी, पैसे. एचआयव्ही झाल्यावरची औषधं २००४ पासून सरकारी केंद्रात मोफत मिळू लागली, आपल्या जेजेमध्ये अगदी सुरुवातीपासून. पण होऊ नये म्हणून घ्यायची प्रेप बहुतेकांना खिशातून घ्यावी लागते. सहावी पायरी, आठ जणांच्या खोलीत गोळ्यांची डबी ठेवायची कुठं?

उदाहरणापुरतं धरू की प्रत्येक पायरीवर निम्मे गळतात. शंभर निघाले, तर सहाव्या पायरीनंतर दीड माणूस उरतो. औषध ९९ टक्के परिणामकारक आहे, पण इथं हाती लागला दीड टक्का.

माझा एक मित्र आहे, नागपाड्याचा. चौथ्या पायरीपर्यंत आला होता. एका खासगी डॉक्टरांनी विचारलं, "शादी हुई है? नहीं? तो ये गोली किसलिए?" त्यानं कसंबसं सांगितलं. चिठ्ठी मिळाली. मग केमिस्टनं चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं विचारलं, "ये तो एड्स की दवा है ना?" तो चिठ्ठी तिथंच टाकून निघून आला. त्यानंतर सहा महिने तो साध्या तापासाठीसुद्धा दवाखान्यात गेला नाही. पुढं काय झालं, ते सांगायची त्याची परवानगी नाही, म्हणून सांगत नाही.

त्याच्यावर दोन्हीकडून दडपण आहे. मोहल्ल्यात तो समलिंगी आहे हे लपवायचं. बाहेर, समलिंगी मित्रांसोबत भाड्यानं घर शोधायला गेला की मालक नाव विचारतो, आणि नाव ऐकून जागा "आत्ताच गेली" असते. दोन्ही ठिकाणी अर्धाच माणूस म्हणून वावरायचं. अशा मुलाचं वर्तुळ लहान आणि बंदिस्तच राहणार. मिलेट यांनी सांगितलेला धोका तिथंच तयार होतो.

आणखी एक गोष्ट. यातल्या अनेकांची लग्नं घरचे जबरदस्तीनं लावून देतात. त्या लग्नातल्या मुलीला काहीच माहीत नसतं. आपण जे बोलायला लाजतो, त्याची किंमत ती मुलगीही मोजते.

औषध आपल्या शेजारचंच

ही गोळी कुठून आली, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवं. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला सुरू केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी भारताचा १९७० चा पेटंट कायदा व्हावा म्हणून प्रयत्न केले होते, त्याच कायद्यामुळे इथं स्वस्त औषधं बनू शकली. २००१ मध्ये एचआयव्हीचा उपचार पाश्चात्त्य कंपन्यांकडून वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला मिळत होता. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे प्राण वाचण्याची वाट त्यातून उघडली. त्याच सिप्लाची टेनव्हिर-ईएम ही गोळी आज जगभर प्रेप म्हणून घेतली जाते. कंपनीचं मुख्यालय लोअर परळला आहे. तिथून मदनपुरा टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटं.

युसुफ हमीद यांचा आपण अभिमानानं उल्लेख करतो, करायलाच हवा. पण त्यांनी औषध देताना रुग्णाला लागण कशी झाली, हे विचारलं नव्हतं. अभिमान घ्यायचा तर त्या वृत्तीचाही घेऊ.

कायदा काय म्हणतो, दीन काय म्हणतो

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा देशभर लागू झाला. या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तुमची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि नोकरी, शिक्षण किंवा उपचारात भेदभाव करता येत नाही. डॉमिनिकसोबत जे झालं, ते आज बेकायदा आहे.

धर्माबद्दल. समलैंगिकतेविषयी तुमचं मत काय असावं, यावर मी आज वाद घालणार नाही. तुमचं मत काहीही असो, जीव वाचवण्याचा प्रश्न त्याच्या आधी येतो. इमाम गझालींनी शरियतचे जे पाच मूळ हेतू सांगितले, त्यात जिवाचं रक्षण आहे. त्यात कुणाचा जीव, अशी यादी नाही. मधुमेह झालेल्याला आपण आधी इन्सुलिन देतो, त्याच्या खाण्याचा हिशेब नंतर.

आपण काय करू शकतो

पहिलं, १०९७ हा नॅकोचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. आत्ता फोनमध्ये नोंदवून ठेवा. सरकारी रुग्णालयांतली एचआयव्ही चाचणी मोफत आहे आणि समुपदेशनासह होते.

दुसरं, '७२ तास' हे शब्द पाठ करा आणि मित्रांना सांगा.

तिसरं, भाषा. पुण्याचे बिंदुमाधव खिरे सॉफ्टवेअर क्षेत्रातून आले, २००२ मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि लैंगिकतेवर मराठीत पुस्तकं लिहिली. आपल्यातल्या इंजिनिअर, डिझायनर, लेखक मुलामुलींनी प्रेपची अचूक माहिती साध्या मराठीत आणि आपल्या घरच्या हिंदी-उर्दूत तयार करावी, डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. या कामाला मी हात द्यायला तयार आहे.

चौथं, मोहल्ल्यातले युनानी आणि होमिओपॅथीचे डॉक्टर. लोक आधी त्यांच्याकडंच जातात. त्यांनी प्रेप लिहून द्यावी असं मी म्हणत नाही. पण कुणी विचारलं तर न रागावता योग्य रुग्णालयाचं नाव सांगावं, एवढं त्यांच्याशी बोलता येईल. केमिस्टशीही बोला. आवाज खाली ठेवणं ही मोठी सेवा आहे. जमातींच्या शिबिरांत साखर आणि रक्तदाब तपासतात. तिथंच खासगीत बोलायला एक समुपदेशक बसवता येईल.

पाचवं, मागणी. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०२१ मध्येच प्रेपचा समावेश झाला आहे. आता ती सरकारी केंद्रांवर मोफत मिळावी, असं आपण लेखी मागू. पुढच्या काळात वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शन येतंय. ते बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. डबी लपवायची सहावी पायरी त्यानं संपेल. पण चौथी पायरी, "ही कशाला हवी?" हा प्रश्न, कुठलंही इंजेक्शन संपवणार नाही. ते काम माणसांचं आहे.

उद्या एखादा मित्र चाचपडत तुमच्याशी या विषयावर बोलू लागला, तर त्याला कारण विचारू नका. "चल, मी सोबत येतो" म्हणा आणि खरंच जा.